जपानला राहायला जायचंय? मग कामं या क्रमाने करा

जपानला यायचंय म्हणणाऱ्या कुणालाही मी पहिला प्रश्न विचारते तो म्हणजे "कुठल्या स्टेटसवर येणार?" आणि बहुतेक वेळा समोरून उत्तर येतं की ते नंतर बघू गं, आधी पगार किती मिळतो ते सांग. इथेच गाडी उलटी सुटते. तुमचं झाइर्यू शिकाकू, म्हणजे इथे राहण्याचं स्टेटस, त्यावर सगळं ठरतं: काय काम करता येईल, आठवड्याला किती तास, बायको किंवा नवरा आणि मुलं आणता येतील का, पुढे पीआर, म्हणजे कायमचं राहण्याची परवानगी, मिळेल का. आणि एक कागद हातात आल्याशिवाय दुसरा मिळत नाही अशी ती साखळी आहे. क्रम नीट लावला तर इथली सरकारी कामं आपल्याकडच्यापेक्षा खूप सोपी जातात, खिडकीवरचा माणूस स्वतः फॉर्मवर पेन्सिलीने खुणा करून देतो, पण क्रम चुकला तर तोच माणूस तितक्याच नम्रपणे परत पाठवतो. म्हणून हे सगळं त्याच क्रमाने लिहितेय. मी पुण्याहून आयटीत आलेय आणि टोकियोत राहते, त्यामुळे त्या बाजूचं जरा जास्त येईल, समजून घ्या.

१. आधी रस्ता ठरवा

आपल्याकडून येणाऱ्यांचे मुख्य रस्ते चारच आहेत.

पहिला म्हणजे शिकायला येणं, यात परत दोन प्रकार. युनिव्हर्सिटीत यायचं असेल तर मेक्स्ट स्कॉलरशिप आधी बघा. जपान सरकारची आहे, फी माफ, विमानाचं तिकीट मिळतं आणि रिसर्चवाल्यांना महिन्याला १,४३,००० येनच्या पुढे स्टायपेंड. एम्बसीमार्फत अर्ज साधारण एप्रिल-मेच्या सुमारास निघतात आणि जाणं होतं पुढच्या वर्षी, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी तयारी लागते. रिसर्च स्टुडंटसाठी वय ३५ च्या आत हवं. स्कॉलरशिप नाही मिळाली तरी नॅशनल युनिव्हर्सिटीची स्टँडर्ड फी वर्षाला ५,३५,८०० येन आणि प्रवेशाचे एकदाच २,८२,००० येन आहे, अमेरिका-इंग्लंडच्या मानाने ही काहीच नाही. (टोकियो युनिव्हर्सिटीने एप्रिल २०२५ पासून बॅचलरच्या नवीन विद्यार्थ्यांची फी ६,४२,९६० केलीय, तरीही.)

दुसरा प्रकार लँग्वेज स्कूल. याबद्दल मला जरा स्पष्ट बोलायचंय. गावोगावी एजंट सांगत फिरतात की लँग्वेज स्कूलला चला, पार्टटाइम करून फी निघते वर घरी पैसे पण पाठवता येतात. गणित करून बघा ना. स्टुडंटला परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासच काम करता येतं, सगळे जॉब मिळून २८, एका दुकानात २८ आणि दुसऱ्यात २८ असं नाही. टोकियोत ऑक्टोबर २०२५ पासून किमान वेतन तासाला १,२२६ येन आहे, म्हणजे महिन्याला १,३५,००० ते १,४०,००० येन, तेही पहिल्या दिवसापासून काम मिळालं तर. टोकियोत खोली, खाणं, प्रवास, फोन यातच लाख-सव्वा लाख येन जातात. स्कूलची वर्षाची फी सात-आठ लाख येन, ती कुठून येणार? ती घरूनच आणावी लागते, आणि जे २८ तासांच्या पुढे काम करतात त्यांचं पुढचं व्हिसा रिन्युअल अडकतं कारण टॅक्सचे कागद समोर असतात, इमिग्रेशनला सगळं दिसतं. मोठ्या सुट्टीत दिवसाला ८ तासांपर्यंत चालतं, बाकी वेळ नाही. स्वतःचे पैसे हाताशी असतील आणि खरंच भाषा शिकायची असेल तर लँग्वेज स्कूल उत्तम. कमवायला म्हणून येणार असाल तर नका येऊ.

दुसरा रस्ता म्हणजे इंजिनियर वगैरे ऑफिसच्या नोकरीचं स्टेटस, याला इथे सगळे थोडक्यात गिजिनकोकू म्हणतात. याला डिग्री लागते आणि काम डिग्रीशी जुळणारं असावं लागतं. आपल्याकडचे पॉलिटेक्निक डिप्लोमावाले इथे अडकतात, कारण भारतातला डिप्लोमा इथे डिग्री धरत नाहीत, मग त्याच कामाचा १० वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. आयटीवाल्यांना अजून एक पळवाट आहे जी फार कमी जणांना माहितीय: नायलिट या भारत सरकारच्या संस्थेची, म्हणजे पूर्वीच्या डोएकची, ए, बी किंवा सी लेव्हल पास असाल तर ती परीक्षा जपानच्या यादीत मान्य आहे आणि डिग्री-अनुभवाची अट सुटते.

तिसरा, कंपनीच पाठवते. भारतातल्या ऑफिसात किमान एक वर्ष काम झालेलं हवं. यात त्रास कमी कारण कागद कंपनी बघते, पण स्टेटस त्या कंपनीला बांधलेलं असतं, इथे येऊन दुसरीकडे उडी मारायची तर आधी स्टेटस बदलावं लागतं.

चौथा, तोकुतेई गिनो म्हणजे स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर, २०१९ च्या एप्रिलपासून सुरू झालेला. नर्सिंग केअर, शेती, बांधकाम, हॉटेल, रेस्टॉरंट, गाड्यांची दुरुस्ती अशा कामांसाठी. भारताशी याचा करार जानेवारी २०२१ ला झालाय. डिग्री लागत नाही, त्या कामाची स्किल टेस्ट आणि जपानी भाषेची एन४ (एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड) किंवा जेएफटी बेसिक ही परीक्षा पास व्हावी लागते, केअरच्या कामाला भाषेची एक वेगळी परीक्षा अजून. पगार त्याच कामाच्या जपानी माणसाइतका द्यावा असा नियम आहे. पण पहिल्या टप्प्यात एकूण ५ वर्षंच राहता येतं आणि फॅमिली आणता येत नाही, हे एजंट सांगत नाही. दुसऱ्या टप्प्याची परीक्षा पास होऊन ते स्टेटस मिळालं की मग फॅमिली पण येते, पण केअरच्या कामाला हा दुसरा टप्पा नाही.

एजंटचा विषय निघालाच आहे तर, परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर रजिस्टर्ड रिक्रूटिंग एजंटची यादी असते, त्यात नाव नसेल तर तिथेच नमस्कार करायचा. "डिपॉझिट ठेवा, मध्येच सोडलं तर जप्त" म्हणणारा किंवा ओरिजिनल डिग्री स्वतःकडे ठेवायला मागणारा, दोघेही नकोत. टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ असं सांगणारा तर मुळीच नको.

२. भाषा, आणि ती आत्ताच

इंग्रजीवर चालतं का? ऑफिसात काही ठिकाणी चालतं, राकुतेन या ऑनलाइन विक्रीच्या कंपनीने २०१२ पासून इंग्रजी ही ऑफिसची भाषा केली आहे आणि टोकियोत अशा टेक कंपन्या अजून आहेत. पण घर घेताना, दवाखान्यात, मुलाच्या शाळेची चिठ्ठी वाचताना इंग्रजी संपतं. माझं मत विचाराल तर एन४ करून या, एन३ असेल तर फार बरं, आणि जपानी कंपनीत नोकरी शोधायची तर एन२ च्या खाली लोक सीव्ही पुढे सरकवत नाहीत.

पुणेकरांचं या बाबतीत नशीब चांगलं आहे. पुण्यात जपानी शिकायची परंपरा जुनी, रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, शिवाय गल्लोगल्ली खासगी क्लास. जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुणे आणि मुंबई दोन्हीकडे सेंटर आहे, पण फॉर्म काही महिने आधी निघतात आणि जागा भरतात, त्यामुळे तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. क्लासवाले एन५ ला वर्ष लावतात, रोज तासभर स्वतः बसलात तर तेवढं लागत नाही. आणि हिरागाना-काताकाना या दोन लिप्या क्लासच्या आधीच घरी करा, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

एक फायदा आपल्याला आपोआप मिळतो. कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम मराठीसारखाच आहे आणि शब्दाच्या मागे ला, ने, त, चा लावायची सवय आपल्याला असतेच, त्यामुळे मनातल्या मनात इंग्रजीतून वाक्य बनवू नका, सरळ मराठीतून बनवा, अर्धं व्याकरण सुटतं.

३. नाव एकच ठेवा

ही पायरी कुणी सांगत नाही आणि मराठी लोकांना हीच सगळ्यात नडते. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव बहुतेकदा गिव्हन नेममध्ये घुसलेलं असतं, डिग्रीवर आडनाव आधी, मार्कशीटवर आईचं नाव पण, अनुभवाच्या लेटरवर मधलं नावच नाही. इथे पासपोर्टवर जे आहे तेच आणि तेवढंच नाव धरतात. त्यामुळे ऑफर लेटर, सीओईचा फॉर्म (तो काय ते पुढच्या पायरीत), बँक स्टेटमेंट सगळीकडे पासपोर्टप्रमाणे नाव येईल हे बघा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी मॅरेज सर्टिफिकेट आणि राजपत्रातली नावबदलाची प्रत दोन्ही स्कॅन करून जवळ ठेवावी, डिग्री माहेरच्या नावाची आणि पासपोर्ट सासरच्या नावाचा असेल तर विचारणा येणारच.

मग काताकाना. तुमचं नाव जपानी लिपीत कसं लिहायचं ते तुम्हीच ठरवता, पण एकदा ठरवलं की ठरलं. आपला ळ तिथे नाही, ण नाही, भ नाही. कुलकर्णीचं कुरुकारुनी होतं, काळेचं कारे होतं. बँकेत दीर्घ आणि कंपनीत ऱ्हस्व लिहिलंत तर पगार ट्रान्सफर परत जातो, कारण इथे अकाउंट नंबरसोबत काताकाना नाव पण जुळवतात. भारतातूनच एका कागदावर लिहून आणा, फोटो काढून ठेवा, प्रत्येक फॉर्मवर तेच अक्षर न् अक्षर कॉपी करा.

४. सीओई, मग व्हिसा

सीओई म्हणजे सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी. हा अर्ज तुम्ही भारतातून करत नाही, तुमच्या वतीने इथली शाळा किंवा कंपनी इथल्या इमिग्रेशनला करते. एक ते तीन महिने धरून चला. आता तो ईमेलवर पण येतो. आल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये शिरावं लागतं, म्हणून घरातलं लग्नकार्य आणि नोटीस पीरियड यांचं कॅलेंडर आधी जुळवा. लँग्वेज स्कूलचे प्रवेश एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी असे असतात आणि एप्रिलसाठी कागद आदल्या वर्षीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्येच द्यावे लागतात, मार्चमध्ये जाग आली तर ऑक्टोबरच बघायचा.

सीओई हातात आला की भारतातला व्हिसा ही फॉर्मॅलिटी आहे, महाराष्ट्रासाठी मुंबईचं कॉन्सुलेट, अर्ज वीएफएसच्या व्हिसा सेंटरमध्ये द्यायचा. सीओई येण्याआधी नोकरीचा राजीनामा देऊ नका. तिकीट काढू नका. एवढंच.

५. पैसे किती

येनचा भाव बदलत राहतो पण साधारण १ येन म्हणजे ५५-६० पैसे असं डोक्यात ठेवा. घर कंपनी देणार असेल तर दोन-अडीच लाख येन घेऊन आलात तरी पहिला महिना निघतो. पगार बऱ्याच ठिकाणी २५ तारखेला होतो आणि महिन्याच्या मध्यात जॉइन झालात तर पहिला पूर्ण पगार पुढच्या महिन्यात, हे आधी एचआरला विचारा. घर स्वतः घेणार असाल तर खालची आठवी पायरी वाचा आणि मग बसून रडा.

भारतातलं सेव्हिंग अकाउंट एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं, करून घ्यायचं राहतं बऱ्याच जणांचं, आणि बँकेला लिंक असलेला फोन नंबर रोमिंगवर चालू राहील असं करून या, नाही तर ओटीपीसाठी भावाला रात्री अकराला उठवावं लागतं.

६. बॅगेत काय

मिक्सर आणू नका. इथे वीज १०० व्होल्टची आहे, आपला २३० चा मिक्सर इथे फक्त गुरगुरतो, चटणी होत नाही. भारतातच ११० व्होल्टचं मॉडेल मिळतं, परदेशी जाणाऱ्यांसाठी असतं, ते विचारून घ्या. कुकर आणा पण इंडक्शनचा तळ असलेला, कारण नव्या घरांमध्ये गॅसऐवजी आयएच शेगडी असते. मसाले, गोडा मसाला, मेतकूट, चकलीची भाजणी आणा, या गोष्टी इथल्या इंडियन दुकानात मिळतीलच असं नाही. तूरडाळ, पोहे, रवा, बासमती यांचं वजन वाहू नका, टोकियोत निशी-कासाई आणि शिन-ओकुबोला सगळं मिळतं आणि ऑनलाइन पण घरपोच येतं. ताजी फळं, आंबे, कढीपत्ता, बी-बियाणं, मांसाचा कुठलाही पदार्थ, अगदी सुकवलेला सुद्धा, एअरपोर्टवर काढून घेतात.

औषधांचं मात्र मनावर घ्या. डॉक्टरने दिलेली औषधं एक महिन्यापुरती चालतात, त्यापेक्षा जास्त आणायची तर आधी ऑनलाइन युन्यू काकुनिनशो नावाचं परवानगीपत्र घ्यावं लागतं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या आपल्याकडे सहज मिळतात पण इथे ठराविक प्रमाणाच्या वर त्या बेकायदेशीर आहेत. एडीएचडीवरची काही औषधं तर प्रिस्क्रिप्शन असलं तरी चालत नाहीत. आईने बॅगेच्या कोपऱ्यात कोंबलेलं औषधांचं पाकीट एकदा उघडून बघा.

७. उतरल्यावरचे चौदा दिवस

नारिता, हानेदा, कानसाई असल्या मोठ्या एअरपोर्टवर इमिग्रेशनलाच झाइर्यू कार्ड हातात देतात. स्टुडंट असाल तर पार्टटाइमच्या परवानगीचा फॉर्म तिथेच भरून द्या, कार्डाच्या मागे शिक्का मिळतो, नंतर परत इमिग्रेशन ऑफिसच्या रांगेत उभं राहणं वाचतं. हे कार्ड कायम जवळ ठेवायचं, पोलिसाने मागितलं तर दाखवावं लागतं.

राहायचा पत्ता ठरला की १४ दिवसांच्या आत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, जाऊन पत्ता नोंदवायचा. एकाच फेरीत हे उरका: पत्त्याची नोंद, नॅशनल हेल्थ इन्शुरन्स, पेन्शनची खिडकी, आणि जूमिनह्यो, म्हणजे रहिवासाचा दाखला, त्याच्या दोन प्रती. नोकरीवाल्यांचा इन्शुरन्स आणि पेन्शन कंपनी करते, त्यांना फक्त पत्ता आणि दाखला. १२ आकडी माय नंबर नंतर पोस्टाने येतो, तो कुणालाही फॉरवर्ड करू नका.

इन्शुरन्स घ्यायचा की नाही हा प्रश्नच नाही, सक्तीचा आहे. विद्यार्थ्याला उत्पन्न नसेल तर हप्ता महिन्याला दोन-तीन हजार येनच्या आसपास बसतो आणि दवाखान्यात बिलाच्या ३० टक्केच भरावे लागतात. पेन्शनही २० ते ५९ वयाच्या प्रत्येकाला सक्तीची, २०२५-२६ मध्ये महिना १७,५१० येन. विद्यार्थ्यांना न भरण्याची सवलत मागता येते पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही, आणि सगळ्या लँग्वेज स्कूलना स्टुडंटची सवलत लागू नसते, तिथे कमी उत्पन्नाच्या माफीचा अर्ज करायचा. पेन्शनचं पिवळं-गुलाबी पाकीट आलं की ड्रॉवरमध्ये टाकायचं नाही.

मग तो प्रसिद्ध चक्रव्यूह: बँक म्हणते फोन नंबर द्या, फोनवाला म्हणतो बँक अकाउंट किंवा क्रेडिट कार्ड द्या. सुटका अशी की आधी पत्ता नोंदलेल्या झाइर्यू कार्डावर व्हॉइस कॉलवालं असं सिम घ्यायचं ज्याचं बिल कॉम्बिनीत म्हणजे इथल्या सेव्हन-इलेव्हनसारख्या दुकानात रोख भरता येतं किंवा भारतीय कार्ड चालतं, आणि मग तो नंबर घेऊन बँकेत. फक्त डेटा सिमचा नंबर बँक धरत नाही. बऱ्याच बँका सहा महिने झाल्याशिवाय दारात उभं करत नाहीत, पोस्टाची बँक, युचो, त्यातल्या त्यात लवकर अकाउंट देते. हांको म्हणजे नावाचा शिक्का हल्ली सगळीकडे लागत नाही पण काही ठिकाणी अजून मागतात, काताकानात आडनावाचा एक करून घ्या, स्वस्तात होतो.

८. घर

बसा आता. समजा भाडं ८०,००० येन. शिकिकिन म्हणजे डिपॉझिट एक महिना, रेइकिन म्हणजे घरमालकाला "धन्यवाद" म्हणून द्यायचे न परत मिळणारे पैसे एक महिना, एजंटची फी एक महिना अधिक टॅक्स म्हणजे ८८,०००, गॅरंटर कंपनीचे साधारण अर्ध्या महिन्याचे, आगीचा इन्शुरन्स, कुलूप बदलायचे, आणि पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. बेरीज चार लाख येनच्या वर जाते. आणि दार उघडून आत गेलात की पडदे नाहीत, शेगडी नाही, बऱ्याचदा छताला दिवासुद्धा नाही. टोकियोच्या बाजूला दर दोन वर्षांनी रिन्युअलचा अजून एक महिना.

त्यामुळे पहिले सहा महिने शेअर हाउस किंवा हॉस्टेलमध्ये काढा असं मी सगळ्यांना सांगते. मग फॅमिली येणार असेल तर यूआरची घरं बघा, ही सरकारी संस्थेची आहेत, रेइकिन नाही, एजंट फी नाही, गॅरंटर नाही, रिन्युअल फी नाही, फक्त दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पगाराची किंवा बचतीची अट. बिल्डिंगा जुन्या असतात पण ऐसपैस, आणि परदेशी म्हणून तोंडावर दार आपटत नाहीत. कारण ते इथे होतं, खोटं कशाला बोलू. एका एजंटने माझ्यासमोर घरमालकाला फोन लावला, "गाइकोकुजिन आहेत" एवढंच म्हणाला आणि फोन ठेवून मला पुढची घराची चिठ्ठी दाखवायला लागला. चिडून उपयोग नसतो, सुरुवातीलाच विचारायचं की परदेशी चालणारी घरंच दाखवा, वेळ वाचतो.

जाहिरातीत "स्टेशनपासून ७ मिनिटं" म्हणजे ८० मीटरला १ मिनिट असा हिशेब असतो, चढ आणि सिग्नल त्यात धरत नाहीत. आणि बिल्डिंग कधीची ते बघा, जून १९८१ नंतर परवानगी मिळालेल्या बिल्डिंगा भूकंपाच्या नव्या नियमांनी बांधलेल्या आहेत. थोडं भाडं जास्त पडलं तरी चालेल, पण याच्या आधीची मी घेणार नाही.

कचऱ्याचं वेळापत्रक घराच्या चावीसोबत मागून घ्या. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या असे वेगवेगळे वार असतात, वॉर्डनुसार नियम वेगळे, आणि बहुतेक ठिकाणी सकाळी आठच्या आत ठेवायचा. चुकीच्या दिवशी ठेवला तर स्टिकर लावून पिशवी तिथेच सोडून जातात आणि सगळ्या बिल्डिंगला कळतं कुणाची ती.

९. पगाराची स्लिप

महिना ३ लाख येन पगार असेल तर हातात साधारण २ लाख ४५ ते ५० हजार येतात. पेन्शनचे १८.३ टक्के कंपनी आणि तुम्ही अर्धे अर्धे भरता, हेल्थ इन्शुरन्सपण अर्धा, थोडा एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स, थोडा इन्कम टॅक्स. पहिलं वर्ष मस्त वाटतं. मग दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून जूमिनझेई सुरू होतो, हा रहिवासी कर मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर, साधारण १० टक्के, आणि पगारवाढ होऊनसुद्धा हातात कमी येतात. नवीन आलेले एचआरला भांडायला जातात. भांडू नका, पहिल्या वर्षापासूनच थोडे बाजूला ठेवा. १ जानेवारीला तुम्ही जपानचे रहिवासी असाल तर त्या वर्षीचा हा टॅक्स लागतोच, मग फेब्रुवारीत कायमचे भारतात परत गेलात तरी.

१०. फॅमिली

जोडीदार आणि मुलांना डिपेंडंट स्टेटस मिळतं, मॅरेज सर्टिफिकेट रजिस्ट्रारचं हवं. डिपेंडंटला पण परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं, पूर्णवेळ करायचं तर स्वतःचं वर्क स्टेटस घ्यायचं, आणि डिग्री असलेल्या आपल्या बऱ्याच मुलींनी ते केलंय. मुलांसाठी टोकियोतल्या एदोगावा वॉर्डाच्या भागात सीबीएसईच्या इंडियन शाळा आहेत पण फी भरपूर, इथल्या सरकारी शाळेत परदेशी मुलांनाही फी नाही आणि सहा महिन्यांत पोरं तुमच्या चुका काढायला लागतात.

आई-वडिलांना कायमचं आणता येत नाही. हे आधीच घरी बोलून घ्या. त्यांना भेटीसाठी ९० दिवसांपर्यंतचा व्हिसा मिळतो, आणि हायली स्किल्ड स्टेटसवाल्यांना (हे पॉइंटवर मिळतं) मूल ७ वर्षांपेक्षा लहान असताना काही अटींवर एका बाजूचे आई-वडील आणता येतात, घरचं वर्षाचं उत्पन्न ८० लाख येनच्या वर हवं. बस. एकुलत्या एका मुलामुलीने जपानचा विचार करताना पगाराच्या आधी या गोष्टीवर बोलावं असं मला मनापासून वाटतं.

शाकाहारी असाल तर त्रास आहे पण चालून जातं. मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्श्यात, कधी कधी भाजीतही माशाचा अर्क असतो, वरून दिसत नाही, "मांस नाही ना" विचारलंत तर प्रामाणिकपणे नाही म्हणतील कारण मासा त्यांच्या लेखी मांस नाही. दाशी, म्हणजे तोच अर्क, आहे का असं विचारायचं. घरी करणं हाच उपाय, फक्त फोडणीच्या आधी पंखा लावा, छताला धुराचा अलार्म आहे. टोकियो मराठी मंडळाचा गणेशोत्सव असतो, तिथे एकदा गेलात की पोळीभाजीचे डबे कोण करतं इथपासून जुना फ्रीज कोण देतंय इथपर्यंत सगळं कळतं. याच एदोगावातून २०१९ मध्ये अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक वॉर्डाच्या सभेवर निवडून आले होते, त्यामुळे इथल्या ऑफिसांना आपली नावं अगदीच नवी नाहीत.

११. आल्यानंतर विसरायचं नाही असं

नोकरी सोडली की १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं, नवीन लागली की परत १४ दिवसांत, ऑनलाइन होतं. तीन महिने विनाकारण काही काम न करता बसलात तर स्टेटस काढून घेऊ शकतात. रिन्युअल मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून करता येतं.

पहिल्यांदा सुट्टीला घरी जाताना एअरपोर्टवर एक छोटा फॉर्म भरतात, त्यात "परत येणार आहे" या अर्थाच्या चौकोनात टिक करायची. ती राहिली तर तुम्ही कायमचे गेलात असं धरतात आणि सगळं पहिल्यापासून. टिक केल्यावर एक वर्षाच्या आत परत यायचं, बाहेरून ती मुदत वाढत नाही. वर्षाच्या वर थांबायचं असेल तर जायच्या आधी इमिग्रेशनमधून वेगळं री-एंट्री परमिट.

गाडी चालवायची असेल तर भारतातून इंटरनॅशनल परमिट काढून आणा, एक वर्ष चालतं. नंतर लायसन्स बदलून घ्यायला लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा, आणि ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षा चांगलीच कडक झालीय.

पीआरसाठी साधारण १० वर्षं राहावं लागतं, त्यात ५ वर्षं नोकरीच्या स्टेटसवर, आणि तोकुतेई गिनोचा पहिला टप्पा त्या पाचात धरत नाहीत. हायली स्किल्डच्या पॉइंटमध्ये ७० झाले तर ३ वर्षांत, ८० झाले तर १ वर्षात अर्ज करता येतो, एन२ चे १० आणि एन१ चे १५ पॉइंट मिळतात, म्हणजे भाषा इथेही कामाला येते. आणि अर्ज तपासताना टॅक्स-पेन्शन भरलं का एवढंच बघत नाहीत, वेळेवर भरलं का तेही बघतात, त्यामुळे कॉम्बिनीत भरलेल्या प्रत्येक पावतीवरचा शिक्का जपून ठेवा.

आणि परत जायचं ठरलं तर पेन्शनचे पैसे. जपान सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत लंपसम मागता येते, जास्तीत जास्त ५ वर्षांच्या हिशेबाने, आणि कंपनीतल्या पेन्शनच्या लंपसममधून २०.४२ टक्के टॅक्स कापतात, तो परत मिळवायला जायच्या आधी इथे एक टॅक्स प्रतिनिधी नेमून जायचं, कुणी मित्र पण चालतो. पण भारत-जपानचा सोशल सिक्युरिटी करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यात दोन्हीकडची वर्षं एकत्र धरून पुढे पेन्शनला पात्र होता येतं, आणि लंपसम घेतली की जपानमधली ती वर्षं हिशेबातून गेली. कंपनीने भारतातून पाठवलं असेल आणि पीएफ तिकडेच चालू असेल तर ईपीएफओकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज आणलं की इथली पेन्शन ५ वर्षांपर्यंत भरावीच लागत नाही, ते मात्र निघायच्या आधी मुंबई-पुण्यातच एचआरकडून काढून घ्या.